जेवतेबिवते

१४ जानेवारी

आत्या,

नमस्कार आधीच घे, नाहीतर बोलण्याच्या नादात राहून जाईल. फोनवर तुला माझं अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तू मनाने भरतेस, म्हणून पत्र लिहायला बसले. हसू नकोस, पण मला तुझ्या इटालियनची गरज पडली आहे. आयुष्यभर ज्या शिकवणीच्या वेळी मी टेबलाखाली लपून बसले, तीच आता माझ्या मानेवर बसली आहे.

आमच्या वृद्धनिवासात दिवाळं निघाल्यासारखी काम करणारी माणसं कमी आणि म्हातारे जास्त, हे तुला मागेच सांगितलंय. त्यात आता एक मास्तर आलेत. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हे, शिंपी. अजूनही कुणी जवळ आलं की आधी त्याच्या खांद्याची शिवण बघतात. माझ्या गणवेशाची कॉलर त्यांना अजिबात पसंत नाही. मेंदूतल्या झटक्याने त्यांचा उजवा हात गेला आणि त्याबरोबर इथली भाषाही गेली. गेली म्हणजे साफच. पन्नासेक वर्षं ज्या भाषेत गिऱ्हाइकांशी हुज्जत घातली, तिचा एक शब्द शिल्लक नाही. उरलीय ती इटलीतल्या लहानपणची इटालियन. त्यांची मुलगी लांब असते, फोन करते, पण बापाने घरात ती भाषा कधी काढलीच नाही, त्यामुळे तीही हात टेकते.

मी एकदा त्यांच्या तोंडून ‘दोर्मो’ असं काहीसं ऐकलं आणि म्हणून गेले, अहो, हे तर ‘झोपतो’. झालं. तेव्हापासून डॉक्टर मला दुभाषी म्हणून हाक मारतात. त्यांनी हातवारे करत विचारलं, जेवण कसं चाललंय, झोप कशी लागते? मास्तर म्हणाले, ‘मांजुक्यो, दोर्मिक्यो.’ मी सांगितलं, खातो म्हणतात, झोपतो म्हणतात. डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं.

पण आत्या, त्यांचं वजन उतरतंय. आल्या दिवशी गळ्याला बसणारा सदरा आता हँगरवर अडकवल्यासारखा दिसतो. डॉक्टर म्हणतात, खाऊनही अंगी लागत नाही म्हणजे आत काहीतरी बिघडलंय. असंच राहिलं तर नाकातून नळी घालायची आणि वरच्या मजल्यावर हलवायचं. वरच्या मजल्यावरून खाली कुणी आलेलं मी अजून पाहिलं नाही.

मला एवढंच विचारायचंय की ते दर शब्दाला ‘क्यो, क्यो’ असं शेपूट का लावतात? तोतरेपणा आहे का झटक्यानंतरचा? लवकर लिही. आणि तुझी तब्येत कळव.

तुझी ठकी

२१ जानेवारी

प्रिय ठके,

तोतरे ते नाहीत, बहिरी तू आहेस. टेबलाखाली बसून अर्धं शिकलं की हे असं होतं.

‘मांजो’ म्हणजे खातो. ‘मांजुक्यो’ म्हणजे खातो नव्हे. ज्याला तू शेपूट म्हणतेस तो प्रत्यय आहे आणि सगळा अर्थ त्या शेपटातच आहे. इटालियन माणूस क्रियापदाच्या मुळाला असा एक तुकडा जोडतो आणि क्रिया पातळ करून टाकतो. ‘दोर्मिरे’ म्हणजे झोपणे. ‘दोर्मिक्यारे’ म्हणजे डुलक्या घेत पडणे, लागली न लागली अशी झोप. ‘कांतारे’ म्हणजे गाणे, ‘कांतिक्यारे’ म्हणजे गुणगुणणे. ‘मांजारे’ खाणे, ‘मांजुक्यारे’ चिवडत बसणे, उष्टावून ठेवणे. गंमत बघ, ‘दोर्मिरे’ हे ‘इरे’ घराण्यातलं क्रियापद. पण हा प्रत्यय लागला की ते मुकाट्याने ‘आरे’ घराण्यात जातं, सासरी गेल्यासारखं आडनाव बदलून.

आपल्याकडे याला नेमका शब्द नाही. जवळ जाणारं म्हणजे आपलं ‘बि’. जेवतेबिवते, झोपतेबिपते, वाचतेबिचते. तंतोतंत तेच नव्हे. आपल्या ‘बि’मध्ये जरा हात झटकणं आहे, ‘चाललंय आपलं, विचारू नका’ असं. त्यांच्या प्रत्ययात क्रियाच अर्धी असते. परीक्षेत तू दोन्ही एकच म्हणून लिहिलंस तर मी गुण कापीन.

आता तुझे मास्तर काय म्हणाले ते पुन्हा वाच. ते म्हणाले, मी चिवडतो, मी डुलक्या घेतो. माणूस इतका नीट बोलतोय आणि तुम्ही लोकांनी त्याच्या कागदावर लिहिलंय ‘खातो, झोपतो’. नळी घालायच्या आधी त्यांना विचार, ‘पेर्के?’ म्हणजे ‘का?’ एवढं एकच विचार आणि गप्प राहा. विचारणं तुला जमेल, त्याची शंका नाही, गप्प राहणं कठीण.

अजून एक सांगते, विचारलं नसलंस तरी. इटालियनमध्ये क्रियापदाचं मूळ उघडं म्हणून जवळजवळ फिरतच नाही, काहीतरी अंगावर घेतल्याशिवाय ते दाराबाहेर पडत नाही. आपल्याकडे पडतं. पण फक्त ज्याला ‘तू’ म्हणतो त्याच्यासमोर. जा, बस, खा, ये. माझ्या विद्यार्थ्यांना याचं फार नवल वाटायचं. त्याहून नवल तुझं. लहानपणी हाक मारली की टेबलाखालून ‘आले’ म्हणायचीस आणि तिथेच बसून राहायचीस. एक विद्यार्थी म्हणाला होता, बाई, ही भूतकाळ वापरते पण आलेली तर नाही. मी म्हटलं, आमच्यात निघण्याआधीच पोचायची पद्धत आहे.

मी बरी आहे. शिकवण्या आहेत, खालच्या मजल्यावरचे चष्मेवाले डोकावून जातात. जेवतेबिवते, झोपतेबिपते. काळजी नको.

आत्या

३ फेब्रुवारी

आत्या,

आधी मास्तरांचं सांगते, मग माझं.

पत्र मिळालं त्याच दिवशी दुपारी मी त्यांच्या खाटेशी स्टूल घेऊन बसले आणि ‘पेर्के?’ विचारलं. मग तोंडाला कुलूप. खरंच गप्प बसले, शपथ. ते आधी खिडकीबाहेर धोब्याच्या दोऱ्यांवर वाळणाऱ्या चादरी बघत राहिले. मग डाव्या हाताने हळूच खालची कवळी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. झटक्यानंतर गाल एका बाजूने उतरलाय, त्यामुळे ती कवळी आता बसतच नाही. हिरडी सोलून निघाली होती. आत्या, इतके दिवस तो माणूस प्रत्येक घासाला सोसत होता. आणि काढून का ठेवली नाही, तर बिनदातांचं माणसांसमोर येणं त्यांच्या शिस्तीत बसत नाही. शिंपी ना. काही झालं तरी माणूस नीटनेटका दिसला पाहिजे.

दंतवैद्य आले, कवळी घासून दिली, हिरडीला औषध लावलं. चार-पाच दिवस सूपवर काढले. आणि परवा त्यांनी अख्खं वाडगाभर सूप प्यायलं, वर उकडलेला बटाटा आणि पाव, तोही कडेसकट. मग माझ्याकडे बघून एकच शब्द म्हणाले, ‘मांजो.’ शेपूट नाही. मी चादरींच्या खोलीत जाऊन रडून आले. डॉक्टरांनी नळीचं नाव काढलेलं नाही आणि वरच्या मजल्याचंही नाही. चूक माझी होती हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, मग आता प्रत्यय शिकून घ्या.

माझं म्हणशील तर मोठ्या सिस्टर पहिल्यांदाच बऱ्या बोलल्या. म्हणाल्या, एप्रिलअखेरपर्यंत एकही रजा न घेता असंच काम केलंस तर कायम करण्याचं पत्र काढते.

मास्तर आता तुझी पत्रं मागतात. इटालियन शब्द आले की मी मोठ्याने वाचते आणि ते माझे उच्चार दुरुस्त करतात. काल बाहेरच्या झाडाकडे बोट करून ‘वेर्देज्जा’ म्हणाले. हे काय असतं?

तुझी ठकी

२४ फेब्रुवारी

प्रिय ठके,

पेन्सिलीने लिहिते आहे, शाई संपली आणि खाली उतरायचा कंटाळा.

मास्तरांना माझ्याकडून शाबासकी सांग. तुलाही, पण थोडी कमी.

‘वेर्दे’ म्हणजे हिरवं. त्याला ‘एज्जारे’ लावलं की ‘वेर्देज्जारे’, हिरवं होणं, हिरवं दिसत राहणं. तुझ्या झाडाला पालवी फुटत असणार. हा प्रत्यय नामाला, विशेषणाला हात लावतो आणि त्यांना चालतं करतो. हे आपल्याला नवीन नाही. हिरवं, हिरवळणे. फेस, फेसाळणे. पाणी, पाणावणे. दूर, दुरावणे. मंद, मंदावणे. रोड, रोडावणे. एवढे पुरेत, यादी करत बसले तर पानं संपतील. शिकवताना मी नेहमी सांगायचे, वस्तूला प्रत्यय लावला की ती वस्तू राहत नाही, ती घडायला लागते.

मुलं येतात, शिकवतेबिकवते. चष्मेवाले रोज सूप आणून देतात, पितेबिते. त्यांना बोलायला माणूस हवं असतं.

एप्रिलमध्ये कायम होतेस ही बातमी मी दोनदा वाचली. आता माझं ऐक. मध्ये सुट्टी काढून इकडे यायचं मनातसुद्धा आणू नकोस. तुझ्या बाबाच्या आजारपणात शेवटच्या परीक्षेच्या तोंडावर सगळं टाकून आलीस, आणि त्यापायी किती वर्षं मागे पडलीस ते मी पाहिलंय. माझा भाऊ होता तो, मी तुला नको म्हणू शकले नाही. आता म्हणते आहे. इथे तुझं काही अडलेलं नाही. काम कर.

आत्या

२० मार्च

आत्या,

तुझ्या पेन्सिलीच्या पत्रानंतरचं हे माझं तिसरं पत्र. आधीची दोन पोचली नाहीत की तुला उत्तराचा कंटाळा आला? फोन केला तर घंटा वाजत राहते. ऐकू येत नाही हे मान्य, पण दिवा लागतो ना गं त्याचा. मी लावून दिला होता खास तुझ्यासाठी.

इकडे सगळं ठीक. मास्तरांनी डाव्या हाताने सुई धरायला सुरुवात केली आहे. माझी कॉलर उसवली आणि परत लावून दिली. टाके वाकडे आलेत, ते बघून स्वतःवरच चिडतात, पण कॉलर आता पूर्वीपेक्षा बरी बसते. मोठ्या सिस्टरनी ते पाहिलं आणि चालवून घेतलं.

दोन ओळी लिही. व्याकरण नको, नुसत्या दोन ओळी.

ठकी

२९ मार्च

प्रिय ठके,

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. मध्ये जरा ताप होता, काही दिवस घरी नव्हते, म्हणजे चष्मेवाल्यांनी दवाखान्यात नेऊन ठेवलं होतं. साधंच. आता घरी आले. पाकिटावरचा पत्ता त्यांच्या अक्षरात आहे, घाबरू नकोस. माझा हात जरा कापतो.

वाचतेबिचते. खिडकीत बसतेबिसते. मास्तरांच्या डाव्या हाताच्या टाक्यांचं वाचून फार बरं वाटलं. कॉलर नीट जपून धू.

तू काम कर.

आत्या

७ एप्रिल

आत्या,

आज मी तुझ्यावर रागावले आहे, हे आधी सांगून ठेवते. इतकी रागावले आहे की ‘नमस्कार’ पण उरकून टाकणार नाही, राहूच दे.

काल दुपारी मास्तरांना सूप भरवत होते. म्हणजे ते स्वतःच खातात, मी नुसती वाडगा धरते. त्यांनी विचारलं, तुझी आत्या कशी आहे. आता ते तुला ओळखतात, ‘प्रोफेसोरेस्सा’ म्हणतात. मला एवढं मोठं वाक्य जुळवता येत नाही, म्हणून तुझी पत्रं काढली आणि तूच स्वतःबद्दल जे लिहिलंयस ते एकेक करून त्यांच्या भाषेत सांगत गेले. ‘जेवतेबिवते’ला तूच शिकवलेला शब्द होता. म्हटलं, ‘मांजुक्या.’ ‘झोपतेबिपते’, ‘दोर्मिक्या.’ वाचतेबिचतेपाशी अडले, तर त्यांनी स्वतःच पुरवलं, ‘लेज्जुक्या.’ मी मान डोलावत होते, बरोबर, बरोबर.

त्यांनी चमचा वाडग्यात ठेवला. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, ‘पेर्के?’

आत्या, माझ्या हातातला वाडगा खाली ठेवावा लागला मला. जानेवारीपासून ते शब्द माझ्या उशाशी आहेत. मराठीत वाचले तेव्हा मला वाटलं, आत्याची आपली बोलायची तऱ्हा. दुसऱ्याच्या भाषेत म्हटले तेव्हा ऐकू आलं. मला शिकवता शिकवता तू मला सगळं सांगत होतीस, आणि न सांगताही बसली होतीस. एका परक्या माणसाच्या शेपटामागे धावले, आणि घरच्या बाईचं शेपूट दिसलं नाही मला. गुण कापायचेस ना, काप.

सगळी पत्रं पुन्हा लावून पाहिली. स्वतःबद्दल तुझं एकही क्रियापद धड नाही. मास्तर काय करतात ते सरळ लिहितेस, चष्मेवाले काय करतात ते सरळ. ‘तू काम कर’ अगदी सरळ. स्वतःचं आलं की ‘बि’. आणि रोडावणे. शंभर शब्द सोडून तुला तो बरा सुचला.

मला व्याकरण नको, धीर नको. मला एक पत्र लिही ज्यात एकही ‘बि’ नसेल. खातेस की नाही. झोपतेस की नाही. पेर्के? एवढं विचारते आणि आता गप्प राहते.

ठकी

१३ एप्रिल

ठके,

गुण कापत नाही. पूर्ण देते.

मी खात नाही. डिसेंबरपासून घास उतरत नाही. आधी पाव अडकायचा, मग बटाटा, आता सूपसुद्धा थांबून थांबून जातं. अन्ननलिकेत गाठ आहे. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मला कळलेलं होतं. ते उघडलं, आणि पहिल्याच पानावर तो म्हातारा माझ्याच तोंडचं बोलत होता. मी चिवडतो, मी डुलक्या घेतो. मला हसू आलं आणि मग ते थांबेना. तुला प्रत्यय शिकवायला बसले खरी, पण शेवटी स्वतःचं ‘जेवतेबिवते’ लिहिताना हात थोडा सैल सोडला. तू ओळखावंस असं वाटत होतं, आणि ओळखू नयेस असंही. दोन्ही खरं.

मी झोपत नाही. आडवी होते, की खोकला येतो.

मी शिकवत नाही. मुलांना फेब्रुवारीतच नको म्हणून सांगितलं.

मार्चमध्ये गाठीतून नळी घातली. तुझ्या मास्तरांची टळली, माझी नाही टळली. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, खोटं बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, उन्हाळा संपेपर्यंत काही सांगता येत नाही. मी विचारलं, बाई, अर्धा तरी बघेन ना? त्या हसल्या नाहीत.

तुझ्या बाबाच्या वेळेस तू सगळं टाकून आलीस. मी ठरवलं होतं, माझ्यापायी नाही. तुझं कायम झाल्याचं पत्र निघेल, तू पाकीट उघडशील, मग सांगू. तोपर्यंत रेटता येईल असं वाटलं. चाळीस वर्षं मुलांना सांगत आले की शेपटाकडे लक्ष द्या, तिथेच माणूस सापडतो. आणि स्वतः शेपटामागे दडून बसले.

चष्मेवाले येतात, बसतात, बिचारे पेपर वाचून दाखवतात. भले आहेत. पण त्यांच्यासमोर मी रडत नाही. दुपारी चार वाजेपर्यंत खोलीत ऊन येतं, ते खाटेवरून सरकत भिंतीवर जातं, आणि ते गेलं की मी घाबरते. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मी घाबरते, ठके.

तू मागितलंस तसं पत्र झालं का ते तूच तपास. आता फक्त एक उरलंय. ते लिहायचं नाही असं जानेवारीपासून घोकत होते. तुझं नोकरीचं पत्र, तुझी वर्षं, सगळं डोळ्यांसमोर धरून घोकत होते. नाही जमत. त्याला प्रत्यय लावता आला असता तर लावला असता, ‘येऊन जाशील का’, ‘आलीस तर’, ‘जमलं तर’. पण ते खोटं झालं असतं.

ये.

आत्या

१८ एप्रिल

आत्या,

मोठ्या सिस्टरना सांगितलं. म्हणाल्या, पत्र या महिन्यात निघणार नाही, परत आलीस की पुन्हा पहिल्यापासून. मी बरं म्हटलं. परीक्षा टाकून आले त्याचा मला कधी पश्चात्ताप झाला नाही, हे तुला कुणी सांगितलं नव्हतं वाटतं. बाबा गेले तेव्हा माझा हात त्यांच्या हातात होता. मी मागे पडले असं तू मोजत राहिलीस, मी कधीच मोजलं नाही.

मास्तरांचा निरोप घ्यायला गेले. त्यांनी माझी बॅग खाली ठेवायला लावली, कॉलर दोन्ही बाजूंनी ओढून सारखी केली, एक सुटलेला दोरा दाताने तोडला. त्यांच्या स्वतःच्या दातांनी, म्हणजे कवळीच्या. मग हाताने दार दाखवलं.

गाडी सकाळची आहे. हे पाकीट स्टेशनवरच्या पेटीत टाकते आहे, हे आधी पोचेल की मी, सांगता येत नाही. दुपारी ऊन भिंतीवर गेलं की दाराकडे बघत राहा. टेबलाखाली बसून म्हणत नाही या वेळी.

आले.